टाकी घाण व्हायलाच बांधली होती

लष्कराच्या एका वर्कशॉपने मला फसवलं. पैशाच्या बाबतीत नाही. पैशात मला फसवील असा माणूस पुण्यात अजून दुकान टाकायचा आहे. फसवलं ते असं, की मी बांधून दिलेली टाकी त्यांनी वापरायची सोडली, गाड्या धुतलेलं तेलकट पाणी मागच्या बाजूने ओढ्यात सोडलं, आणि ते आमच्या विहिरीत उतरलं तेव्हा सांगून टाकलं की ठेकेदाराची टाकी गळते.

मी तो ठेकेदार.

आमचं गाव विश्रांतवाडीच्या पलीकडे. गाव म्हणायची सवय आहे म्हणून म्हणतो; महापालिकेने ते कधीच पोटात घेतलं. वडलांच्या जमिनीचा बराचसा भाग रस्त्यात आणि वाटण्यांत गेला. उरलं ते ओढ्याच्या काठचं रान आणि त्यातली विहीर. ते रान माझी वहिनी बघते. मोठा भाऊ गेल्यापासून तीच त्या रानाची मालकीण, मी तसं सगळ्यांना बजावून ठेवलं आहे. पालक, चुका, शेपू, कोथिंबीर. सकाळी भाजी काढायची, ओढ्यापलीकडच्या सोसायट्यांच्या फाटकाशी बसायचं. तिथल्या बायका खराडीला कामाला जातात, जाताना ऑर्डर देतात, येताना जुडी घेऊन जातात. वहिनीचं सगळं घर त्या जुड्यांवर उभं आहे.

मी शाळा सुटली तेव्हा दुसऱ्यांच्या बांधकामावर विटांना पाणी मारायला लागलो. गवंडीकाम शिकलो, मग माणसं लावून कामं घ्यायला लागलो. घासाघीस शिकलो नारायण पेठेतल्या एका नळ-फिटिंगच्या दुकानदाराकडून. मी पहिल्यांदा त्याला भाव कमी करायला सांगितलं तेव्हा तो पेपरातून मान वर न काढता म्हणाला, "घेणार नसाल तर जरा बाजूला उभे राहा, मला उजेड लागतो." त्या दिवशी मी भडकलो आणि रिकाम्या हाताने परत आलो. पुढे मी त्याच दुकानात, त्याच माणसाकडून, माझ्या भावाने माल उचलला. मात्र भडकण्याची सवय गेली नाही. ती मला कधीकधी महागात पडते, पण त्या सवयीनेच मला लोक ओळखतात, आणि माझं काम पक्कं असतं हेही ओळखतात. माझ्या धंद्यात एवढंच भांडवल आहे.

तर विहीर. एका सकाळी वहिनी चहा घेऊन आली आणि उभीच राहिली.

"भावजी, पाण्याला वास मारतोय. रॉकेलवानी."

"कशावरून?"

"कशावरून म्हंजे? नाक हाय मला."

मी जाऊन बघितलं. पाण्यावर रंगीत तवंग होता. ओढ्याच्या कडेने वर चालत गेलो तर तवंग लष्कराच्या कुंपणापर्यंत सरळ जात होता. कुंपणाच्या आत गाड्यांचं मोठं वर्कशॉप आहे. तिथे एका सिमेंटच्या उतारावर ट्रक चढवतात आणि खालून-वरून धुतात. ग्रीस, डिझेल, इंजिनातलं जळकं तेल, सगळं पाण्याबरोबर निघतं आणि त्या काळी ते गटारातून थेट ओढ्यात यायचं.

मी एक बाटली विहिरीच्या पाण्याने भरली आणि वर्कशॉपच्या फाटकावर गेलो. फाटकावरच्या जवानाने विचारलं कोणाला भेटायचंय. मी म्हणालो, "हे पाणी ज्याचं आहे त्याला." त्याने मला बराच वेळ उन्हात उभं केलं. मग एक सुभेदार आले, साताऱ्याकडचे, भरघोस मिशांचे. त्यांनी बाटलीचा वास घेतला, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "चला. आमच्याकडे याचेही एक साहेब असतात."

हे मला तोवर माहीत नव्हतं. लष्करात अशा मोठ्या युनिटमध्ये एका अधिकाऱ्याकडे पर्यावरणाची जबाबदारी दिलेली असते. त्याचं मूळ काम वेगळं असतं, हे त्याच्या वरचं. सांडपाणी, कचरा, जुनं तेल, झाडं, सगळं त्याच्या अंगावर. खोलीबाहेर तशी पाटीही होती. आत साहेब नव्हते, मॅडम होत्या. मेजर. विदर्भातल्या, त्यामुळे माझी मराठी त्यांना आणि त्यांची मला व्यवस्थित कळत होती. मी बाटली टेबलावर आपटली आणि आवाज चढवला. त्यांनी शिपायाला पाणी आणायला सांगितलं.

"काहून एवढे तापून राहिले भाऊ? बसा, पाणी प्या."

"तुमचंच पाणी पितोय आम्ही. घरी. विहिरीतून."

त्या हसल्या नाहीत. बाटली उघडून त्यांनीही वास घेतला. मग टोपी घातली आणि मला घेऊन थेट त्या धुण्याच्या उताराकडे निघाल्या. गटाराशी उकिडव्या बसल्या, बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळून बघितलं. सुभेदारांना म्हणाल्या, "हे आपलंच आहे." एवढं सरळ बोलणारा माणूस मला सरकारी कंपाउंडात त्याआधी भेटला नव्हता. माझा निम्मा राग तिथेच उतरला, आणि राग उतरला की मला धंदा दिसायला लागतो.

"याला टाकी लागते, मॅडम. तीन कप्प्यांची. पहिल्यात माती बसते. दुसऱ्यात तेल वर तरंगतं. तिसऱ्यात फक्त खालचं पाणी जातं. तेल वरच्या वर काढून पिंपात भरायचं. मी बांधतो."

"तक्रार करायला आले का काम मागायला?"

"दोन्ही."

रीतसर दरपत्रकं मागवली गेली. माझा दर सगळ्यांत कमी होता. का कमी होता हे मॅडमना माहीत होतं. ती विहीर त्यांनी येऊन पाहिली होती. पण घासाघीस मी सोडली नाही, फक्त दुसऱ्या गोष्टीची केली. माझी अट होती की उताराचं सगळं पाणी या टाकीतूनच जाईल, दुसरी वाट ठेवायची नाही. मॅडम म्हणाल्या, कबूल, पण माझीही अट. टाकी गळली किंवा खचली तर वर्षभर दुरुस्ती फुकट.

"वर्षभर कशाला? टाकी आहे तोवर."

हे मी ऐटीत म्हणालो, आणि गावात चहाच्या टपरीवरही ऐटीत सांगितलं. लक्षात ठेवा, पुढे हेच वाक्य माझ्या गळ्यात आलं.

टाकी मी स्वतः उभा राहून बांधून घेतली. पाणी भरून ठेवलं, पातळीवर खूण केली, आणि खूण हलली नाही तेव्हाच ताबा दिला. आजही माझं कुठलंही काम माझ्या नावावर दाखवायचं झालं तर मी बंगला दाखवणार नाही, ती टाकी दाखवीन. एक पावसाळा गेला आणि ओढा धुतला गेला. विहिरीवरचा तवंग विरळ झाला, मग नाहीसा झाला. वहिनीने ओंजळीत पाणी घेऊन वास घेतला आणि मोटार चालू केली. त्या हंगामातल्या पालकाला पानं अशी आली होती की सोसायटीच्या फाटकावरच्या बायका म्हणायच्या, "काकू, हा खरा आहे ना?"

मग मॅडमची बदली झाली. लष्करात माणूस जागेवर रुजला की उपटून दुसरीकडे लावतात, त्याला त्यांचा इलाज नाही. जाताना त्यांनी मला फोन केला. म्हणाल्या, टाकीकडे बघत जा. मी म्हणालो, फाटकाच्या आत सोडाल तर बघीन.

मध्ये काही महिने त्या खुर्चीवर कोणीतरी तात्पुरतं होतं. मग एक तरुण कॅप्टन आले. आणि एके दिवशी वहिनी परत चहा घेऊन आली आणि परत उभीच राहिली. तिने तोंड उघडायच्या आधी मला कळलं.

मी फाटकावर गेलो. या वेळी आत कोणी सोडलं नाही. कॅप्टनसाहेब फोनवर बोलले, स्वच्छ हिंदीत, अगदी अदबीने. टाकी अत्यंत चांगल्या स्थितीत ठेवलेली आहे, पाहणारे सगळे कौतुक करतात, तेल बाहेर येत असेल तर बांधकामाला कुठेतरी तडा असणार, आणि दुरुस्तीची जबाबदारी तर ठेकेदाराची, म्हणजे तुमची आहे. मी म्हणालो, मग आत येऊ द्या, तडा दाखवा. म्हणाले, सध्या इन्स्पेक्शनचे दिवस आहेत, नंतर कळवतो.

फोन ठेवल्यावर मी जे बोललो ते इथे छापण्यासारखं नाही.

हीच गोष्ट वर्कशॉपमध्ये काम करणाऱ्या आमच्याच गावच्या कोणीतरी टपरीवर आणली. टाकी गळते. दुसऱ्या दिवशी मी चहाला गेलो तर बाकावरचे दोघं सरकून जागा देत म्हणाले, "या ठेकेदार. बसा. बाक मजबूत हाय, तुमी न्हाई बांधलेला."

"टाकी गळत नाही."

"न्हाईच गळत. तेलाला पाय फुटलेत, चालत येतंय."

मी उठलो. भांडलो असतो, पण भांडायला हातात काही पाहिजे. टाकी कुंपणाच्या आत, मी बाहेर. वहिनीच्या भाजीचं तर त्याहून वाईट झालं. सोसायटीतल्या एकीने जुडी नाकाला लावली आणि परत टोपलीत ठेवली. तेवढं पुरे झालं. हल्ली बायका फाटकाशी बोलत नाहीत, मोबाइलवर बोलतात, आणि ते सगळ्या सोसायट्यांना एकदम कळतं. वहिनी रोज जायची आणि टोपली जवळजवळ तशीच परत आणायची. मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

मग मला लष्कराचं आमंत्रण आलं.

पर्यावरण दिनाचा कार्यक्रम होता. युनिटचे सगळ्यांत मोठे साहेब येणार होते, आणि टाकी बांधणारा स्थानिक ठेकेदार म्हणून माझा सत्कार. मी आमंत्रण दोनदा वाचलं. वहिनी म्हणाली, "इस्त्रीचा शर्ट घाला आन् इचारा त्यांना." मी इस्त्रीचा शर्ट घातला.

फाटकावर मोबाइल जमा करून घेतला. आत गेलो. ज्यांनी लष्कराचा कॅम्प आतून पाहिला असेल त्यांना माहीत आहे, तिथे एका जागी उभी असलेली कुठलीही वस्तू रंगवल्याशिवाय राहत नाही. रस्त्याच्या कडेचे दगड पांढरे, झाडांच्या बुंध्यांना गेरूचा पट्टा, बादल्या लाल. शिस्त आहे आणि मला शिस्त आवडते. पण मंडपाशी पोचलो आणि टाकी दिसली, तेव्हा मी जागच्या जागी थांबलो. तिच्या कडेला गेरूची रेघ, भोवती कुंड्या, वर नवीन पाटी. मी वाकून आत बघितलं. तिन्ही कप्पे कोरडे. तळापासून काठापर्यंत पांढराशुभ्र रंग. कप्प्यांवर आकडे रंगवलेले, बाण काढलेले, माती इथे, तेल इथे, पाणी इथे. तेलाच्या कप्प्यात एक वाळलेलं पान पडलं होतं, तेही एका जवानाने माझ्यासमोर उतरून उचललं.

तेच सुभेदार बाजूला उभे होते. मी त्यांच्या कानाशी गेलो.

"पाणी कुठंय?"

"साहेब, नंतर बोलू."

"सुभेदारसाहेब, पाणी कुठंय?"

त्यांनी मिशीवरून हात फिरवला. हळू आवाजात म्हणाले, "मॅडम गेल्यावर एक इन्स्पेक्शन होतं. टाकी आतून दाखवायची होती. म्हणून तेवढ्यापुरतं पाणी मागच्या बाजूने वळवलं, धुतली, रंगवली. पाहणारे खूश झाले. आम्हाला शाबासकी मिळाली. मग परत तेल सोडून ती घाण करायची कोण? आज सोडलं आणि उद्या दुसरं इन्स्पेक्शन आलं तर?"

"आणि आलं?"

"एक गेलं की दुसरं येतंच."

धुण्याच्या उतारामागच्या गटारावर फरश्या टाकलेल्या होत्या. फरश्याही रंगवलेल्या. मी आता फक्त त्यांच्याकडे बघत होतो.

माझं नाव पुकारलं. मोठ्या साहेबांच्या हातात शाल होती. कॅप्टनसाहेब माइकवर सांगत होते की ही टाकी इतक्या काळजीने राखली आहे की आजही नवी वाटते.

"कारण ती नवीच आहे," मी म्हणालो. माइक लांब होता, पण माझा आवाज बांधकामावर घडलेला आहे. "तिच्यात पाणीच सोडत नाही तुम्ही. ती टाकी घाण व्हायलाच बांधलीय, साहेब. ती घाण झाली तर ओढा स्वच्छ राहतो. तुम्ही टाकी स्वच्छ ठेवली."

मोठ्या साहेबांना मराठी येत नसावी, पण माझा हात फरश्यांकडे होता. त्यांनी शाल शेजारच्याकडे दिली आणि फरशी उचलायला सांगितली. दोन जवानांनी उचलली. खाली काळा ओघळ ओढ्याकडे निवांत चालला होता. मोठ्या साहेबांनी कॅप्टनकडे बघितलं तेवढंच. कार्यक्रम तिथेच आटोपला आणि मला चहासुद्धा न विचारता फाटकापर्यंत पोचवलं. मी मात्र ताठ चालत आलो. आयुष्यात इतका खरा मी क्वचितच ठरलो होतो.

त्याच आठवड्यात पाणी परत टाकीत गेलं. मला विहिरीवरून कळलं, त्यांच्याकडून नाही. तवंग हळूहळू मागे हटायला लागला. मी जिंकलो असं मला वाटलं.

तेव्हा एका सकाळी लष्कराची जीप आमच्या दारात आली. ड्रायव्हरने उतरून सलाम ठोकला आणि माझ्या हातात एक पेटी दिली. आत ती राहिलेली शाल आणि चकचकीत मानचिन्ह, उत्कृष्ट कामाबद्दल. गल्लीतल्या सगळ्यांनी ते पाहिलं. संध्याकाळी टपरीवर निकाल लागला होता. ठेकेदाराने गुपचूप जाऊन टाकी दुरुस्त केली. बोलल्याप्रमाणे फुकट केली. लष्कराने वर शाल दिली. मांडवली झाली.

"न्हाई म्हंजे, चूक केली पर निस्तरली," बाकावरचा एकजण मोठेपणाने म्हणाला. "असं पायजे."

शिवी दिली असती तर मी परतवली असती. शाबासकी कशी परतवणार?

घरी आलो. वहिनी जुड्या बांधत बसली होती. सोसायटीतल्या दोघीतिघी परत घ्यायला लागल्या होत्या, त्यामुळे ती बऱ्या मनाने होती. खाली मान घालूनच तिने विचारलं, "भावजी, एक खरं सांगा. तुमीच दुरुस्त केली ना ती?"

"काय?"

"मी कुणाला बोलायची न्हाई. पानी चांगलं झालं, माझं भागलं. पर त्या येळी तुमी मला म्हनला, टाकी गळत न्हाई."

त्या टपरीतल्या सगळ्या बाकांचं मला काही वाटलं नव्हतं. याचं वाटलं. भाऊ गेला तेव्हा मी तिला शब्द दिला होता की या घरात तुझ्याशी कोणी खोटं बोलणार नाही. आता ती मला माफ करत होती, आणि तेही मी न केलेल्या गोष्टीसाठी. मी तिला फरशीखालचा ओघळ सांगितला. तिने ऐकून घेतलं. "बरं," म्हणाली. घरातल्या माणसाचं मन राखायला म्हणतात तसं "बरं".

मी मानचिन्ह घेऊन फाटकावर गेलो. या वेळी कॅप्टनसाहेबांनी लगेच आत घेतलं, खुर्ची दिली.

"पाणी वळवलं तेव्हा मी इथे नव्हतो," ते म्हणाले.

"आणि टाकीला तडा आहे म्हणालात तेव्हा?"

"मी चार्ज घेतला तेव्हा टाकी कोरडीच होती. मला वाटलं ती तशीच असते. राखीव."

मी त्यांना माझी मागणी सांगितली. नुकसानभरपाई नको. काम नको. ज्याच्याकडे ही जबाबदारी आहे त्याने आमच्या विहिरीवर यायचं आणि माझ्या वहिनीसमोर, टपरीवाल्यांसमोर सांगायचं की टाकी गळत नव्हती, पाणी आम्ही वळवलं होतं. दोन वाक्यं.

ते म्हणाले, वहिनींना इथे ऑफिसमध्ये आणा, चहा घेऊ, मी त्यांना समजावतो. मी म्हणालो, टाकीची बदनामी ऑफिसमध्ये झाली नाही, गावात झाली. ते म्हणाले, बाहेर जाऊन बोलायला मला वरून परवानगी लागेल. मी म्हणालो, मागा. मग म्हणाले, तुमच्या विहिरीभोवती आम्ही झाडं लावून देऊ, कुंपणही करून देऊ. तेव्हा मी खुर्चीत मागे टेकलो. समोरचा न मागता भाव वाढवायला लागला की माल त्याच्याकडे कमी आणि गरज जास्त असते, हे मला कोणी शिकवायची गरज नाही.

"झाडं लावा," मी म्हणालो. "लावायला या, आणि तेव्हाच दोन वाक्यं बोला."

त्यांनी परत परवानगीचं काढलं. मी मानचिन्ह त्यांच्या टेबलावर ठेवून आलो, त्याच जागी जिथे एकदा बाटली ठेवली होती.

आता ऐकतो की त्यांचीही बदली जवळ आली आहे. मॅडमना मी फोन केला होता. त्या हळहळल्या, पण त्यांच्या कारकिर्दीत टाकी चालू होती, त्यांनी कशाचं उत्तर द्यायचं? सुभेदारसाहेब म्हणतात, बोलायचं काम वरच्यांचं. मोठे साहेब म्हणतात की नाही ते मला माहीत नाही, माझ्यापर्यंत पोचलेलं नाही. पाणी वळवायला माणसं होती आणि सांगायला एकही जण जागेवर नाही.

पण त्या खोलीबाहेरची पाटी जागेवर आहे. नावं बदलतात, पाटी तीच. तेव्हा आज ज्याचं नाव तिच्यावर असेल, त्याला मी जाहीरपणे विचारतो आहे. फाटकाबाहेर यायला परवानगी लागत असेल तर मागून घ्या. आमची विहीर ओढ्याच्या कडेने चालत आलात तर चुकत नाही, तुमचं तेल न चुकता आलं होतं. वहिनी सकाळी भाजी काढायला तिथेच असते. तिच्यासमोर उभे राहा आणि सांगा, पाणी कोणी वळवलं, आणि माझ्या टाकीला तडा आहे असं कोणी, काय बघून म्हटलं?